लिहिण्यावर बंदी असलेले दहा दिवस : थकलेल्या लेखकाच्या नजरेतून विपश्यना शिबिर

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लेखन मनःशांती, ताणमुक्ती किंवा अध्यात्म या अंगांनी झालेले आहे. मी हे परीक्षण एका मर्यादित प्रश्नापुरते लिहीत आहे. लिहिण्यावरच जिचे पोट आहे आणि लिहिण्याचाच जिला वीट आला आहे, अशी व्यक्ती या शिबिराला गेली तर तिच्या हाती काय लागते आणि काय लागत नाही, एवढाच तो प्रश्न. शिबिराच्या नियमांत वाचन आणि लेखन या दोन्हींवर संपूर्ण बंदी आहे. ध्यानाचे महत्त्व मला मान्य आहे, तरीही थकलेल्या लेखकासाठी या शिबिराचे खरे मोल त्या बंदीत आहे, असे माझे मत झाले आहे.

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउटची, म्हणजे कामातून येणाऱ्या टोकाच्या थकव्याची, लक्षणे तपशिलाने मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोफत दवाखान्यांत जीव ओतून काम करणारे लोक होते. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. ती आजार म्हणून केलेली नाही. कामातला दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था, असे तिचे वर्णन आहे आणि तिची तीन अंगे सांगितली आहेत : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि कामाची परिणामकारकता घटणे. लेखकाच्या बाबतीत यातले दुसरे अंग सर्वांत घातक ठरते, असे मला वाटते. थकलेला लेखक झोप काढून काही प्रमाणात सावरतो. भाषेविषयीच आकस धरून बसलेल्या लेखकाला मात्र झोपेने काही मिळत नाही. एखाद्या कथेत अडकून पडणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे लेखकाला लिहायचे असते आणि वाट सापडत नसते, तर इथे वाट समोर दिसत असूनही पाऊल टाकण्याची इच्छा उरलेली नसते.

मराठीत पूर्णवेळ लिहून जगणाऱ्यांची संख्या कमी आहे आणि जे तसे जगतात त्यांच्या कामाची रचना या अवस्थेला आमंत्रण देणारी आहे. दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिणाऱ्याला आठवड्यातून सहा, कधी सात एपिसोडांचा रतीब घालावा लागतो. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या एपिसोडांचा साठा, संपली की सकाळी लिहिलेले दृश्य दुपारी चित्रित होते आणि कागद वेळेत पोहोचला नाही तर सारे युनिट खोळंबते. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यानुसार कथेची दिशा बदलते, म्हणजे चार दिवस मनात वाढवलेले एखादे वळण एका फोनवर रद्द होते. त्याच्या जोडीला वृत्तपत्रातले सदर असते. आणि दिवाळी अंक असतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिने मराठी कथेला शंभराहून अधिक वर्षे घर दिले, याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण उन्हाळ्यापासून सुरू होणारे संपादकांचे फोन, पावसाळ्यात एकमेकांवर आदळणाऱ्या मुदती आणि प्रत्येकाला ‘यंदा तुमचे काहीतरी हवेच’ असे म्हणताना वाटणारे खरेखुरे प्रेम, या साऱ्यांत लेखकाला नाही म्हणणे जड जाते. नोकरदाराला साचलेली रजा असते. लेखकाने न लिहिलेला दिवस मात्र सरळ त्याच्या उत्पन्नातून वजा होतो.

मी या तिन्ही प्रकारचे लेखन करते. शिबिराला जाण्याआधीची माझी अवस्था थोडक्यात सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय या परीक्षणाला आधार राहणार नाही. माझ्या संवादांतली पात्रांची नावे झाकली तर सासू बोलते आहे की शेजारीण, हे मलाच ओळखू येईनासे झाले होते. सगळ्याजणी एकाच लयीत वाक्य सुरू करत आणि एकाच ठिकाणी थांबत. त्याहून वाईट म्हणजे माझे वाचन थांबले होते. नवे पुस्तक उघडले की दोन पानांत मी त्याची बांधणी मोजू लागे, लेखकाने कुठे सोपा मार्ग धरला ते शोधू लागे आणि पुस्तक मिटून ठेवी. घरात कुणी आपले दुःख सांगू लागले की ते ऐकता ऐकता त्याचा प्रसंग कसा बसवता येईल याचा विचार सुरू होई. मला हे आवडत नव्हते आणि ते थांबवताही येत नव्हते.

धम्मगिरी हे केंद्र सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील आहे. गोएंकाजींचा जन्म १९२४ मध्ये ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका व्यापारी मारवाडी कुटुंबात झाला. मायग्रेनच्या असह्य त्रासामुळे ते १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि तिथे ही साधना शिकले. ऊ बा खिन हे त्या देशाच्या सरकारात महालेखापाल होते. १९६९ मध्ये गोएंकाजी भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. इगतपुरीत १९७६ पासून शिबिरे भरत आहेत. २०१३ मध्ये गोएंकाजींचे निधन झाले, तरी आजही सर्व सूचना आणि संध्याकाळची प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात होतात. प्रत्यक्ष उपस्थित असलेले सहायक आचार्य साधकांच्या शंका ऐकतात. शिकवणीचे, राहण्याचे किंवा जेवणाचे कसलेही शुल्क नाही. ज्याने एक शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच दान घेतले जाते, म्हणजे पहिल्यांदा जाणारी व्यक्ती आधीच्या कुणा अनोळखी साधकाच्या दानावर तिथे राहते आणि जेवते. मानधनासाठी महिनोन्महिने पाठपुरावा करण्याची सवय जडलेल्या लेखकाला या व्यवस्थेचा पहिला स्पर्श इथेच जाणवतो. दहा दिवस कुणी त्याच्याकडून काही घेत नाही, मजकूरसुद्धा नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी पोहोचावे लागते. मोबाइल, पुस्तके, वह्या, पेन हे सारे जमा करायचे असते आणि त्या संध्याकाळपासून आर्य मौन सुरू होते. त्याचा अर्थ केवळ न बोलणे एवढाच नाही. खाणाखुणा, नजरेने संवाद साधणे आणि चिठ्ठ्या लिहिणे हेही वर्ज्य आहे. पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग न्याहारी, आठ ते नऊ सामूहिक साधना, अकराला जेवण, दुपारी पुन्हा ध्यान, पाचला चहा, सहा ते सात सामूहिक साधना, सात ते सव्वाआठ प्रवचन आणि साडेनऊला दिवे मालवायचे. बसण्याचे तास मिळून दिवसाला दहाच्या वर जातात. ही विश्रांती किंवा सहल नव्हे, असे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते अक्षरशः खरे आहे. ‘जरा निवांत वेळ मिळेल, डोके मोकळे होईल आणि कादंबरीचा आराखडा सुचेल’ या विचाराने कुणी निघाले असेल तर त्याने आधीच बेत बदलावा.

पहिले साडेतीन दिवस आनापान असते. नाकपुड्यांच्या खालची आणि वरच्या ओठाच्या वरची जी लहानशी जागा आहे, तिथे श्वासाचा येताजाता स्पर्श जाणत राहायचा, एवढेच काम. श्वास मुद्दाम मोठा करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. हे सांगायला सोपे आहे. पहिल्याच सकाळी माझ्या मनात मात्र या शिबिरावरचा लेख तयार होऊ लागला. धुक्यातून दिसणारे डोंगर, शाली पांघरून ध्यानकक्षाकडे चाललेल्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या चपलांचा वेगळा आवाज या सगळ्यांची वाक्ये बनत होती, आणि ती चांगली वाक्ये होती. कागद नसल्याने ती टिकवण्यासाठी मी ती मनात पुन्हा पुन्हा म्हणू लागले. त्या घोकण्यात श्वास तर हरवलाच, समोरचे डोंगरही हरवले.

थकव्याचे मूळ कुठे आहे हे मला इथे दिसले. व्यावसायिक लेखक अनुभव येतानाच त्याला भाषेत घालतो, घातलेला तपासतो, कुठल्या अंकाला किंवा कुठल्या एपिसोडला लागू पडेल ते ठरवतो, आणि हे सर्व इतक्या झपाट्याने होते की अनुभव घेण्याचा टप्पाच वगळला जातो. वर्षानुवर्षे असे झाले की लेखकाजवळ केवळ स्वतःच्या जुन्या वाक्यांचा साठा उरतो आणि तो त्यातूनच नवी वाक्ये जुळवू लागतो. शिबिरात वही जवळ नसल्यामुळे हे चक्र सक्तीने तुटते. सुरुवातीला एखादे चांगले वाक्य निसटले की जीव कासावीस होतो. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ती तळमळ कमी होऊ लागली. वाक्ये येत होती, पण त्यांच्यामागे धावण्याची घाई मंदावली होती. आपण घरी राहून ‘आठवडाभर लिहायचे नाही’ असे ठरवले तर हे होत नाही, कारण वही हाताशी असते, फोनमध्ये टिपणे असतात आणि न लिहिण्याचा निर्णय दर तासाला नव्याने घ्यावा लागतो. इथे तो निर्णय एकदाच, प्रवेशाच्या दिवशी घेतलेला असतो.

वाचनाविषयीचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटतो. भोजनगृहात, पाण्याच्या नळांजवळ, चालण्याच्या वाटांवर सूचनांच्या पाट्या आहेत. त्यांत वाचण्यासारखे काही नसते. अन्न वाया घालवू नये, पाणी जपून वापरावे, पुढे जाऊ नये अशा स्वरूपाच्या त्या साध्या पाट्या. पण छापील अक्षर पूर्णपणे बंद झाल्यावर मी त्या पाट्यांपुढे रेंगाळू लागले. ताट धुण्याच्या रांगेत उभे असताना मी एक पाटी शब्दाशब्दावर थांबून वाचत असे. ‘घालवू’ मधला दीर्घ ऊकार रंगाऱ्याने कसा ओढला आहे, मात्रा कुठे जरा बाजूला पडली आहे, ‘नये’ या एका शब्दाने सबंध वाक्याला किती सौम्य पण ठाम वळण दिले आहे, हे मी पाहत असे. अंगाला लावायच्या साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा मी मागून पुढे आणि पुढून मागे वाचला. त्या आधी कित्येक महिने मला चांगली पुस्तके वाचवत नव्हती, आणि इथे एका पाटीवरच्या चार शब्दांनी मला खरा आनंद दिला. भूक मेली नव्हती, ती अतिखाण्याने झाकली गेली होती, हे त्यावेळी कळले आणि माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. ज्या लेखकाला आपले भाषेवरचे प्रेम कायमचे गेले अशी भीती वाटते, त्याने या एका कारणासाठीही हे शिबिर करावे असे मी म्हणेन.

चौथ्या दिवशी प्रत्यक्ष विपश्यना शिकवली जाते. डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने लक्ष फिरवायचे, जिथे जी संवेदना असेल ती जाणायची, सुखद असेल तर तिला चिकटायचे नाही आणि दुःखद असेल तर तिच्याशी झगडायचे नाही. यानंतर रोजच्या तीन सामूहिक साधनांना अधिष्ठानाची जोड मिळते, म्हणजे तासभर डोळे, हात आणि पाय उघडायचे नाहीत, मांडी बदलायची नाही. माझा उजवा गुडघा दुखू लागला. त्याकडे शांतपणे पाहत राहिल्यावर ‘गुडघा दुखतो आहे’ या वाक्यात जे सामावत नव्हते ते एकेक दिसू लागले : आधी नाण्याएवढ्या जागेत दाब, त्याच्या कडेने पसरणारी ऊब, मध्येच बारीक टोचणी, त्या टोचणीत पडणारे खंड आणि काही क्षण काहीच नसणे. शिकवणीत भर संवेदनेला नाव देण्यावर नसून ती जशी आहे तशी जाणण्यावर आणि ती बदलत राहते हे अनुभवण्यावर आहे. तरीही लेखकाच्या दृष्टीने पाहिले तर हे निरीक्षणाचे उत्तम प्रशिक्षण आहे. तयार शब्द बाजूला ठेवून वस्तूकडे पाहणे हीच कोणत्याही चांगल्या लेखनाची पहिली पायरी आणि रोजच्या रतिबात सर्वांत आधी तीच गाळली जाते.

आता ज्या ठिकाणी माझा या शिकवणीशी मतभेद आहे त्याविषयी. पहिल्या दिवसांच्या प्रवचनांत गोएंकाजी सांगतात की मन एक तर भूतकाळात लोळते किंवा भविष्यात, ते वर्तमानात राहायला तयार नसते, आणि त्या भटकण्यातूनच राग (म्हणजे आसक्ती) आणि द्वेष वाढतात. साधनेच्या तासापुरते हे पूर्णपणे बरोबर आहे. परंतु लेखकाचे सारे भांडवल स्मृती आणि कल्पना हेच आहे. भूतकाळात जाऊन राहिल्याशिवाय आजीच्या स्वयंपाकघराचे वर्णन लिहिता येत नाही आणि जे घडलेच नाही त्यात रमल्याशिवाय कथा होत नाही. शिबिराच्या मध्यावर मला काही काळ असे वाटू लागले की माझा व्यवसायच मनाच्या एका दोषावर उभा आहे, आणि त्या विचाराने मी अस्वस्थ झाले. दुपारच्या वेळेत सहायक आचार्यांना भेटून प्रश्न विचारता येतात. पण त्या भेटी थोडक्या असतात आणि साधनेच्या अडचणींपुरत्याच मर्यादित ठेवल्या जातात, त्यामुळे अशा प्रश्नाला तिथे जागा नाही. पुढे विचार करून मी माझ्यापुरता एक भेद मानला. ठरवून, जागेपणी कल्पनेत जाणे आणि मन फरपटत नेईल तिकडे जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बर्नआउटमध्ये लेखक दुसऱ्या क्रियेत अडकलेला असतो आणि तिलाच पहिली समजत असतो. हा माझा निष्कर्ष आहे, शिबिराची शिकवण नव्हे. ज्या लेखकाची आपल्या कामावरची श्रद्धा आधीच डळमळीत आहे, त्याला या मुद्द्यावर एकट्याने तोंड द्यावे लागेल, हे त्याने जाण्यापूर्वी जाणून असावे.

राहण्याची व्यवस्था साधी आणि स्वच्छ आहे. स्त्रिया आणि पुरुषांचे विभाग पूर्णपणे वेगळे आहेत. जेवण शाकाहारी, कमी तिखट आणि घरच्यासारखे असते. पाच वाजता नव्या साधकांना चहा-दुधाबरोबर फळ आणि चुरमुरे असे काहीतरी हलके मिळते, जुने साधक दुपारनंतर जेवत नाहीत. संध्याकाळचे प्रवचन हा दिवसातला एकमेव भाषेचा तास असतो, त्यामुळे लेखक त्याची आतुरतेने वाट पाहतो. गोएंकाजी स्वतः हिंदीत आणि राजस्थानीत दोहे रचत, आणि त्यांच्या बोलण्यात जुन्या कथेकऱ्याची लय आहे. दृष्टान्त कुठे थांबवायचा, एकच वाक्य तीनदा म्हणताना प्रत्येक वेळी स्वर कसा बदलायचा, श्रोत्यांना हसवून लगेच गंभीर मुद्द्यावर कसे आणायचे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. काही दाव्यांची मांडणी मला अधिक सावध असावी असे वाटले, विशेषतः जिथे विज्ञानाचा आधार घेतला जातो. ध्यानाच्या आरंभी आणि शेवटी होणारे पाली पठण काहींना लांबलेले वाटते; मला अर्थ न कळणारा आवाज ऐकत राहणे त्या काळात सुखाचे वाटले.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सर्वांविषयी सद्भावना बाळगण्याच्या साधनेनंतर, मौन सुटते. त्या दुपारचा गलका ऐकण्यासारखा असतो. नऊ दिवस जिच्या शेजारी बसले ती बाई नाशिकच्या बाजूची द्राक्षबागायतदार निघाली. तिने आपल्या बागेच्या छाटणीविषयी सांगायला सुरुवात केली, आणि ती बोलत असताना तिच्या बोलण्याचा कसलाही प्रसंग माझ्या मनात तयार होत नव्हता. मी केवळ ऐकत होते. फळछाटणीनंतर पाऊस आला तर काय होते, फुटवे कसे मोजतात, हे तिने सांगितले आणि मला ते आजही तिच्याच शब्दांत आठवते.

आता परतल्यानंतरचे. मला याविषयी अतिशय स्पष्ट राहायचे आहे, कारण शिबिरातून आलेल्या माणसाचा उत्साह ऐकणाऱ्याची दिशाभूल करू शकतो. शिबिराने माझी मुदत एक दिवसानेही पुढे ढकलली नाही. वाहिनीचे वेळापत्रक, सदराचा वार आणि घराचा हप्ता हे सारे होते तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या बर्नआउटचे मूळ कामातल्या ताणात शोधते, ते योग्यच आहे. ज्या पद्धतीने काम चालते ती तशीच ठेवून केवळ लेखकाचे मन धुऊन काढले तर काही महिन्यांत तो पुन्हा त्याच जागी येऊन पोहोचतो. शिबिराने मला दिली ती एवढी स्वस्थता, की मी बसून हिशेब मांडू शकले. रोजच्या संवादांचे काम दुसऱ्या लेखकाबरोबर वाटून घेतले, त्यात उत्पन्न कमी झाले. दिवाळी अंकांसाठी कथांची संख्या उन्हाळ्यातच ठरवून टाकायची आणि त्यानंतर आलेल्या संपादकांना पुढच्या वर्षीचा शब्द द्यायचा, असा नियम केला. बहुतेकांनी तो समजून घेतला. एका अनुभवी संपादकांनी तर ‘हे आधीच करायला हवे होते, बाई’ असे म्हटले. सकाळचा पहिला तास वाचनासाठी राखला आणि त्या वाचनावर कुठेही लिहायचे नाही असे ठरवले.

साधना सकाळ-संध्याकाळ एकेक तास करावी अशी शिफारस असते. लेखनाच्या अनियमित दिनक्रमात ती पाळणे कठीण आहे. मी सकाळी बसते. संध्याकाळचे बसणे चित्रीकरणाच्या वेळांवर अवलंबून राहते. त्यामुळे होणारा फायदाही त्या प्रमाणातच आहे. लेखनाच्या बाबतीत आधी वाचन परत आले, मग ऐकणे, आणि लेखन सर्वांत शेवटी. परतल्यावर लगेच झपाटून लिहिता येईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल. पहिल्या आठवड्यात माझा लिहिण्याचा वेग उलट कमी झाला होता, कारण हाताला सवयीने सुचणारे वाक्य मला जागच्या जागी थांबवावेसे वाटत होते.

काही लोकांनी हे शिबिर करू नये, किंवा निदान डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. सततचे नैराश्य, पॅनिक अटॅक, भ्रम, महिनोन्महिने न लागणारी झोप, आत्महत्येचे विचार यांपैकी काही असेल तर ते बर्नआउटच्या पलीकडचे आहे. दिवसाला दहा तासांहून अधिक काळ मौनात स्वतःच्या मनासमोर बसणे ही तीव्र प्रक्रिया आहे आणि तिने काहींचा त्रास वाढू शकतो. गंभीर मानसिक विकारांवर हा उपचार नाही, असे केंद्राच्या नियमावलीतही सांगितलेले आहे, आणि प्रवेश अर्जात आरोग्याविषयी प्रश्न असतात. त्यांची उत्तरे खरी द्यावीत आणि चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. लेखकांमध्ये दुःखाला कलेचे इंधन मानून अंगावर काढण्याची प्रथा आहे. तिने आपल्या भाषेचे पुष्कळ नुकसान केले आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. अर्ज धम्मा डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर करता येतो. सुट्ट्यांच्या काळातल्या जागा लवकर भरतात, म्हणून काही महिने आधी अर्ज केलेला बरा. इगतपुरी मुंबई-नाशिक मार्गावर थळघाटाच्या माथ्यावर आहे. मुंबईहून लोकल कसाऱ्यापर्यंतच जाते, त्यामुळे लांब पल्ल्याची गाडी पकडावी किंवा कसाऱ्याहून रस्त्याने घाट चढावा. पावसाळ्यात तिथे अखंड पाऊस आणि धुके असते, कपडे वाळत नाहीत. हिवाळ्यात पहाटेच्या बैठकीला शाल आणि पायमोजे लागतात. इगतपुरीत जागा मिळाली नाही तर टिटवाळा, बेलापूर, पुण्याजवळ मरकळ, कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगल्याजवळ आळते, नागपूर अशा अनेक ठिकाणी याच पद्धतीची केंद्रे आहेत आणि शिकवणी सर्वत्र एकच आहे. सैल सुती कपडे घ्यावेत आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर तो अर्जातच कळवावा, खुर्चीची सोय होते. दिवाळी अंकांचे काम हातावेगळे झाल्यानंतरचे दिवस मराठी लेखकाला सोयीचे. तारीख निवडताना शिबिरानंतरचे निदान चार-पाच दिवस पूर्ण मोकळे ठेवावेत आणि संपादकांना, वाहिनीला तसे आधीच लेखी कळवावे. अकराव्या दिवशी सकाळी फोन हातात येताच एपिसोड मागणारा संदेश वाचावा लागणार असेल, तर शिबिराची तारीख पुढे ढकललेली चांगली.